रेडिओकार्बन तारखांवरून प्राचीन लोकसंख्येचा चढउतार कसा काढावा

नेवासा, चांडोली, इनामगाव यांसारख्या स्थळांच्या कार्बन-तारखांची (म्हणजे नमुन्यातल्या कार्बन-१४वरून काढलेल्या वयांची) कोष्टकं चाळली की बऱ्याच तारखांपुढे ‘टीएफ’ ही दोन अक्षरं आणि एक क्रमांक दिसतो. टीएफ म्हणजे मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, धर्मपाल अग्रवाल ही मंडळी तिथे जळक्या लाकडाचे आणि धान्याचे नमुने मोजत होती. त्यांची पहिली तारीखयादी १९६३ साली ‘रेडिओकार्बन’ या नियतकालिकात आली. पुढे सत्तरच्या दशकात हे काम अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीकडे गेलं आणि यादीत ‘पीआरएल’ हा संकेत दिसू लागला.

त्या काळी उत्खनकाला एकच हवं असायचं: हा थर किती जुना? आज त्याच तारखा एकत्र करून दुसरा प्रश्न विचारला जातो: अमुक शतकात या खोऱ्यात माणसं वाढली की घटली? या पद्धतीचा ठळक आरंभ १९८७ साली जॉन रिक यांच्या पेरूवरील लेखात झाला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत संगणकामुळे ती कुणालाही करता येण्याइतकी सोपी झाली आहे, आणि सोपी झाल्यामुळेच धोक्याचीही. दोन तासांत आलेख निघतो. तो खरं काय सांगतोय हे कळायला मात्र महिने लागू शकतात.

हा लेख त्या मधल्या कामाबद्दल आहे. उदाहरण म्हणून दख्खनचा ताम्रपाषाण काळ (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याचा काळ) घेतो, कारण आपल्याकडे या काळाचा एक जुना, गाजलेला प्रश्न आहे. या काळातल्या जोर्वे संस्कृतीच्या दोनशेच्या वर वसाहती सापडल्या आहेत. इ.स.पू. १०००च्या सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यातल्या बहुतेक वसाहती ओस पडल्या आणि भीमा खोऱ्यात इनामगावसारख्या ठिकाणी लोक इ.स.पू. ७००पर्यंत टिकून राहिले, असं चित्र मांडलं गेलं. पाऊस कमी झाला आणि शेती कोसळली, हे स्पष्टीकरण पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी हिरिरीने मांडलं होतं. कार्बन-तारखांच्या आलेखात ही घट दिसते का, आणि दिसली तर तिच्यावर किती भरवसा ठेवायचा?

तर्क काय आहे

माणसं जास्त तर चुली जास्त, चुली जास्त तर कोळसा जास्त, कोळसा जास्त तर आज सापडणारे आणि प्रयोगशाळेत जाणारे नमुने जास्त. एवढंच. या साखळीची प्रत्येक कडी कच्ची आहे. दादर स्टेशनच्या तिकीटखिडकीवरची विक्री पाहून गर्दीचा अंदाज बांधण्यासारखं आहे हे: विक्री वाढली तर गर्दी वाढली असावी, पण पासवाले त्यात कधीच येत नाहीत, आणि एखादी खिडकी बंद असली की प्रवासी घटल्यासारखे दिसतात. कार्बनच्या बाबतीत ‘पासवाले’ कोण आणि ‘खिडकी’ कधी बंद होती, हे आधी शोधायचं. आलेख त्यानंतर.

एक मर्यादाही आत्ताच लक्षात घ्या. या पद्धतीने ‘इतकी हजार माणसं होती’ असं कधीच सांगता येत नाही. आधीपेक्षा जास्त की कमी, एवढंच, आणि तेही एका पट्ट्यापुरतं.

प्रश्न आधी लिहून काढा

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणता प्रदेश, कोणता कालखंड, आणि कोणता बदल दिसला तर तुम्ही आपलं मत बदलाल. आपल्या उदाहरणात प्रदेश म्हणजे गोदावरी-प्रवरा, भीमा आणि तापी खोरी, कालखंड इ.स.पू. २५०० ते ५००. आणि कसोटी अशी की इ.स.पू. १०००नंतर उत्तरेकडच्या खोऱ्यात तारखा अपेक्षेपेक्षा कमी पडायला हव्यात, पण भीमेत पडायला नकोत.

तारखा गोळा करताना मात्र या कालखंडाच्या दोन्ही बाजूंना निदान पाच-सातशे वर्षं जास्तीची घ्या. नाहीतर आलेखाची दोन्ही टोकं आपोआप खाली वाकतात आणि नवख्याला ती ‘लोकसंख्येची घट’ वाटते.

कार्बनचा आवाकाही ध्यानात असू द्या. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे या पद्धतीचा हात पोहोचत नाही. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात कांदिवलीला जी पुराश्मयुगीन हत्यारं शोधली, ती आपल्या मुंबईकरांना कितीही प्रिय असली तरी या आलेखात येणार नाहीत. साष्टीतली सूक्ष्मास्त्रं त्या मानाने बरीच अलीकडची, पण नुसत्या दगडाची कार्बन-तारीख निघत नाही. त्यासोबत कोळसा, बी किंवा हाड हवं. कोकणातला धो धो पाऊस आणि आम्लधर्मी जांभी माती हाडांना फारशी टिकू देत नाही. म्हणून कोकणाचा आलेख रिकामा आला तर त्यावरून कोकण रिकामं होतं असं म्हणायचं नाही.

तारखा जमवणं

इथेच सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे, आणि जायलाच हवा. ‘रेडिओकार्बन’चे जुने खंड ऑनलाइन वाचता येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ या वार्षिकाच्या अनेक अंकांत कार्बन-तारखांचं स्वतंत्र प्रकरण असतं. त्याशिवाय डेक्कन कॉलेजचे उत्खनन अहवाल आणि बुलेटिन. २०२२ साली ‘पी३के१४सी’ हा जगभरच्या सुमारे १ लाख ८० हजार तारखांचा एकत्रित संच प्रसिद्ध झाला, पण त्यात उत्तर अमेरिका आणि युरोपचाच भरणा आहे. भारतासाठी त्यावर विसंबू नका. सुरुवातीचा सांगाडा म्हणून वापरा आणि बाकीचं ग्रंथालयात बसून हाताने भरा. मुंबईत एशियाटिक सोसायटी आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. स्कॅन मिळत नसेल तेव्हा तिथे जाण्याला पर्याय नाही.

तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक तारीख. स्तंभ असे ठेवा: प्रयोगशाळेचा संकेत व क्रमांक, वय, त्रुटी (± नंतरचा आकडा), कोणत्या अर्धायुष्यावर (कार्बन-१४ निम्मं व्हायला लागणाऱ्या वर्षांवर) काढलं, नमुना कशाचा, कुठल्या थरातून, स्थळ, अक्षांश-रेखांश, उत्खनकाने दिलेला सांस्कृतिक टप्पा, आणि ही ओळ तुम्ही कुठून घेतली. शेवटचा स्तंभ कंटाळवाणा वाटतो. पण एकच टीएफ क्रमांक तीन ग्रंथांत तीन वेगळ्या आकड्यांनी सापडतो, तेव्हा त्याचीच मदत होते.

आणि तो सापडतोच, कारण भारतीय तारखांत अर्धायुष्याची मेख आहे. विलर्ड लिबी यांनी मूळ हिशेब ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावर बसवला. नंतर अधिक अचूक मूल्य ५७३० ठरलं. तरी प्रयोगशाळांनी जागतिक संकेत म्हणून जुन्याच आकड्यावर वयं द्यायची असं ठरलं, आणि कॅलिब्रेशनचे (प्रयोगशाळेचं वय पंचांगातल्या वर्षाशी जुळवण्याचे) सगळे वक्र त्याच आकड्यासाठी बनले आहेत. आपल्याकडच्या जुन्या याद्यांत आणि पुस्तकांत मात्र ५७३०वर काढलेली वयं सर्रास छापलेली असतात, कधी दोन्ही एकाखाली एक, कधी नुसतीच. ५७३०वाल्या वयाला १.०३ने भागलं की ५५६८वालं मिळतं. म्हणजे ३०९० दिसलं तर वक्रात घालायचं ते ३०००.

दुसरी मेख इ.स.पू.ची. साठ-सत्तरच्या दशकातल्या ग्रंथांत ‘इ.स.पू. १०५०’ असं लिहिलेलं असतं, पण ते कॅलिब्रेट केलेलं वर्ष नसतं. वयातून सरळ १९५० वजा केलेले असतात, कारण कार्बनच्या हिशेबात ‘आज’ म्हणजे १९५० साल. अशी तारीख ५७३०वर काढलेली असेल तर उलटा प्रवास करावा लागतो: १०५० अधिक १९५० म्हणजे ३०००, भागिले १.०३ म्हणजे साधारण २९१३. आणि हे कॅलिब्रेट केलं की मिळणाऱ्या पल्ल्याचा मध्य इ.स.पू. ११००च्या जवळपास येतो. भागायचं विसरून ३००० तसंच कॅलिब्रेट केलं तर मध्य इ.स.पू. १२४०च्या आसपास जातो. ज्या घटीसाठी आपण हा सगळा उद्योग करतोय, ती शे-दीडशे वर्षं मागे सरकते. ज्या ओळीबद्दल अर्धायुष्य कोणतं हे ठरवताच येत नाही, ती बाजूला काढा. अंदाजाने भरू नका.

गाळणी

कुठल्या तारखा टाकायच्या याचे नियम आलेख पाहण्याआधी ठरवा आणि तारीख घालून लिहून ठेवा. आलेख पाहिल्यावर ठरवलेला नियम म्हणजे हव्या त्या उत्तराकडे टाकलेलं पाऊल असतं, मग हेतू कितीही स्वच्छ असो.

त्रुटी किती चालवायची? युरोपातले अभ्यासक हल्लीच्या एएमएस (कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या) तारखांच्या जोरावर ५०-६०च्या वरची त्रुटी नाकारू शकतात. टीएफच्या काळातल्या तारखांची त्रुटी शंभरच्या आसपास असणं नेहमीचंच. तुम्ही ६०ची रेघ मारलीत तर दख्खनची निम्म्याहून अधिक यादी गळून पडण्याची भीती आहे. मी २००पर्यंत जाऊ द्यावं असं म्हणेन, आणि नंतर १५० व १०० लावून आलेख किती बदलतो ते पाहावं.

नमुना कशाचा आहे हे त्रुटीइतकंच महत्त्वाचं. जळका गहू, सातू, तांदूळ, कुळीथ हे एका हंगामाचे, म्हणून उत्तम. खांबाचा कोळसा धोक्याचा: जुन्या सागाच्या किंवा खैराच्या गाभ्यातलं लाकूड झाड तोडण्याआधी शंभर-दोनशे वर्षं ‘मेलेलं’ असू शकतं, आणि तारीख तेवढी जुनी येते. समुद्री शिंपल्यांना समुद्रातल्या जुन्या कार्बनची भर असते, त्यांना वेगळा सागरी वक्र आणि स्थानिक दुरुस्ती लागते. लोकसंख्येच्या आलेखात मी त्यांना घेतच नाही. ज्या नमुन्यांचा माणसाशी संबंध नाही, उदाहरणार्थ नदीच्या गाळाचं वय काढण्यासाठी भूगर्भवाल्यांनी घेतलेले, तेही बाहेर.

‘न पटणाऱ्या’ तारखांचं काय? जोर्वे थरातून इ.स. ४००ची तारीख आली तर ती टाकण्याचा मोह होतो. थर ढवळलेला होता, उंदराचं बीळ होतं, असं उत्खनकाने नोंदवलं असेल तर टाका. नुसतीच आवडली नाही म्हणून टाकू नका.

नमुने कोणी, कशासाठी घेतले

या प्रकरणाबद्दल मार्गदर्शकांत फार कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते पद्धतीचं मर्म इथेच आहे. आलेखात माणसांच्या चुलींइतक्याच उत्खनकांच्या सवयी उमटतात.

पहिली सवय: पैसे आणि नमुने मोजके असले की उत्खनक सगळ्यात खालच्या थराचा कोळसा पाठवतो, कारण वसाहत कधी सुरू झाली हे त्याला जाहीर करायचं असतं. शेवट कधी झाला यात रस कमी. त्यामुळे आरंभाकडे तारखांची गर्दी होते आणि उतार घटीसारखा दिसतो.

दुसरी सवय: मोठं उत्खनन गाजतं आणि तिथेच तारखांचा ढीग पडतो. इनामगावला १९६८पासून पुढे दीड दशक खोदकाम चाललं. त्याच काळच्या एखाद्या लहान पांढरीत (जुन्या वसाहतीच्या टेकाडात) चार दिवसांची चाचणी झाली असेल आणि एकही तारीख नसेल. जोर्वे वसाहती दोनशेच्या वर, पण नीट उत्खनन झालेल्या मूठभर.

तिसरी सवय सगळ्यात फसवी. नाणी, लेख आणि ओळखता येण्याजोगी मडकी सापडू लागली की कार्बनची गरज वाटेनाशी होते. सातवाहनांचं नाणं हातात असताना कोळशावर पैसे कोण घालवणार? म्हणून इ.स.पू. ३००नंतर महाराष्ट्राच्या कार्बन-तारखा विरळ होणं अगदी अपेक्षित आहे. सोपाऱ्याचं बंदर, कान्हेरीची लेणी, नाणेघाटाची वाहतूक ज्या काळात भरात होती, त्या काळात लोकसंख्या कोसळली असं कुणी म्हणणार नाही.

यातूनच एक साधी पण कडक चाचणी मिळते. तुमची कालखिडकी मुद्दाम इ.स. २००पर्यंत वाढवून एकदा आलेख काढा. तुमचा आलेख सातवाहन काळात घट दाखवत असेल तर ती पुरातत्त्वज्ञांनी पाडलेली घट आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मग इ.स.पू. १०००च्या घटीचा आकार त्या खोट्या घटीशी ताडून पाहा. दोन्ही सारख्याच दिसत असतील तर पहिलीबद्दल बोलताना जीभ जरा आवरा.

कॅलिब्रेशन

वातावरणातलं कार्बन-१४चं प्रमाण युगानुयुगं सारखं राहिलेलं नाही, म्हणून प्रयोगशाळेचं वय आणि पंचांगातलं वर्ष जुळत नाही. वृक्षवलयांसारख्या नोंदींवरून बनवलेला वक्र वापरून ते जुळवायचं. महाराष्ट्रासाठी सध्या २०२०चा ‘इंटकॅल२०’ घ्या. एक-दोन तारखांना ‘ऑक्सकॅल’ पुरेसं आहे, शेकड्यांनी असतील तर ‘आर’ या मोफत संगणकभाषेतलं ‘आरकार्बन’ हे पॅकेज सोयीचं. एन्रिको क्रेमा आणि अँड्र्यू बेव्हन यांनी ते याच कामासाठी लिहिलं आहे. नवख्यांना जमेल अशी उदाहरणं त्याच्या सूचनापुस्तिकेत आहेत.

३००० ± १०० या एका तारखेचं उत्तर म्हणून एक वर्ष मिळत नाही. इ.स.पू. १४०० ते ११०० असा लांबलचक, उंचसखल डोंगर मिळतो, आणि खरं वर्ष त्यात असण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश. असे सगळे डोंगर एकावर एक ठेवून बेरीज केली की तयार होतो तो ‘एसपीडी’, म्हणजे संभाव्यतांच्या बेरजेचा आलेख.

दोन जागी वक्र दगा देतो. जिथे वक्र तीव्र उताराचा असतो तिथे तारखा एकाच बिंदूवर गोळा होऊन टोकदार सुळके उठतात. प्रत्येक तारखेचं क्षेत्रफळ जबरदस्तीने एकाएवढं केलं तर हे सुळके आणखी वाढतात, म्हणून ‘कॅलिब्रेट’ आज्ञा देताना ‘नॉर्मलाइज्ड’ हा पर्याय बंद ठेवून पाहा. आणि जिथे वक्र आडवा पसरतो, तिथे उलटं होतं. इ.स.पू. ८०० ते ४००च्या दरम्यान असंच एक कुप्रसिद्ध पठार आहे. २४५० ± ३० अशी नेटकी तारीखसुद्धा तिथे इ.स.पू. ७५० ते ४१० एवढी फाकते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे दुर्दैवच म्हणायचं. उत्तर जोर्वेचा, म्हणजे जोर्वेच्या अखेरच्या टप्प्याचा, शेवट इ.स.पू. ७००च्या सुमारास मानला जातो, आणि पठार तिथूनच पसरलेलं आहे. शेवट ७०० की ५५० हे साध्या कार्बन-तारखेवरून ठरवता येत नाही. त्या पट्ट्यातल्या चढउतारावर निष्कर्ष बांधूच नका.

एका गावाचं ओझं कमी करणं

इनामगावच्या वीस तारखा आणि दहा लहान स्थळांची एकेक तारीख अशी यादी असेल तर नुसत्या बेरजेत इनामगाव सगळ्यांना दाबून टाकतं. म्हणून एकाच स्थळाच्या जवळजवळच्या तारखांचा एक गठ्ठा करायचा आणि गठ्ठ्याला एकाच तारखेइतकं वजन द्यायचं. ‘बिनप्रेप’ आज्ञा हे करते. तिला स्थळाचं नाव, वय आणि ‘जवळ’ म्हणजे किती वर्षं हे सांगावं लागतं. ५०, १०० आणि २०० अशी तिन्ही मूल्यं घालून पाहा. त्यासाठी ‘बिनसेन्स’ आहे. तिन्हीत टिकणारा चढउतारच पुढच्या पायरीला न्या.

इनामगाव तक्त्यातून पूर्ण काढून एकदा आलेख बनवावा, असाही माझा आग्रह आहे. कुठलंही एक स्थळ काढल्यावर निष्कर्ष उलटत असेल तर तो प्रदेशाबद्दल नव्हता, त्या गावाबद्दल होता.

यानंतर ‘एसपीडी’ आज्ञा द्या आणि १०० ते २०० वर्षांची सरकती सरासरी लावा. त्याहून बारीक दातेऱ्यांकडे पाहू नका. त्रुटीच शंभरची असताना पन्नास वर्षांची घटना दिसणार कुठून?

घट ‘अपेक्षेपेक्षा’ जास्त आहे का

आलेखात उंचवटे-खळगे तर असणारच. वक्राच्या वळणांमुळेही ते येतात, नमुने थोडे असल्यामुळेही येतात. खरा प्रश्न असा: लोकसंख्या सावकाश, एकसारखी वाढत असती, तरी एवढाच खळगा दिसला असता का? स्टीफन शेनन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या चढउताराबद्दल जो अभ्यास केला, त्यात हाच मार्ग वापरला होता.

‘मॉडेलटेस्ट’ आज्ञा ते असं करते. तुमच्या आलेखातून एक गुळगुळीत वाढीची रेघ काढते. त्या रेघेवरून तुमच्याकडे जितके गठ्ठे आहेत तितकी वर्षं यादृच्छिक उचलते. त्यांना वक्रातून उलटं नेऊन प्रयोगशाळेची वयं बनवते, तुमच्या यादीतल्यासारख्या त्रुटी चिकटवते, पुन्हा कॅलिब्रेट करून बेरीज करते. हे हजार वेळा. त्या हजार खोट्या आलेखांतले मधले ९५ टक्के म्हणजे राखाडी पट्टा. खोटे आलेखही त्याच पठारातून आणि त्याच सुळक्यांतून गेलेले असल्यामुळे वक्राच्या करामती पट्ट्यातच सामावतात. तुमची रेघ पट्ट्याच्या खाली गेली तरच ‘अपेक्षेपेक्षा कमी’ म्हणता येतं.

साध्या लॅपटॉपवरही हे होतं, फक्त थोडं थांबावं लागतं. पण आकडा वाचताना सावध राहा. काहीही घडलेलं नसतानाही रेघेचा सुमारे पाच टक्के भाग पट्ट्याबाहेर जाणारच, म्हणून एखाद्या अरुंद खळग्यावर भाळू नका. सबंध आलेखासाठी मिळणारं एकत्रित पी-मूल्य (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) आधी बघा. आणि घातांकी, सपाट, लॉजिस्टिक (आधी वाढून मग स्थिरावणारी) अशा निदान दोन गृहीतकांवर चाचणी करा. सपाट रेघेशी तुलना केली की कुठल्याही वाढत्या समाजात शेवटी ‘तेजी’ दिसते, तो काही शोध नव्हे.

जुने थर अधिक नष्ट झालेले असतात, हीही एक बाब आहे. सुरोव्हेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ज्वालामुखीच्या नोंदींवरून या झिजेचं सूत्र दिलं: वयात २१७६.४ मिळवून त्याचा उणे १.३९२५वा घात. हिशेब करून पाहिला तर २५०० वर्षांपूर्वीच्या तुलनेत ४५०० वर्षांपूर्वीच्या तारखांचं वजन सुमारे १.६४ पट वाढवावं लागतं. हे थोडं नाही. प्रवरेच्या काठची पांढरीची टेकाडं जगभरच्या सरासरी वेगानेच झिजली असतील असं मानायला आधार नसल्याने, मी दुरुस्ती करून आणि न करता असे दोन्ही आलेख शेजारी ठेवतो.

दोन खोऱ्यांची तुलना

आपला मूळ प्रश्न खरं तर इथे सुटायला हवा. ‘पर्मटेस्ट’ आज्ञा गठ्ठ्यांवरची खोऱ्यांची लेबलं पुन्हापुन्हा पिसते आणि विचारते, गोदावरी आणि भीमा यांत दिसणारा फरक लेबलं कशीही वाटली तरी आला असता का? या चाचणीचा मोठा फायदा असा की वक्राचं पठार, झीज, नाण्यांमुळे कार्बन न करण्याची सवय या गोष्टी दोन्ही खोऱ्यांत सारख्याच असल्या तर त्या एकमेकींना छेदून जातात. सारख्याच नसतील, म्हणजे एका खोऱ्यात एकाच संस्थेने खोदलं आणि दुसऱ्यात चार संस्थांनी, तर मात्र फायदा गेला. एकट्या आलेखापेक्षा मी या तुलनेवर जास्त विसंबेन.

तारखा पुरेशा आहेत का

अॅलन विल्यम्स यांनी २०१२ साली अशा आलेखासाठी निदान ५०० तारखा असाव्यात असं सुचवलं. दख्खनच्या ताम्रपाषाणासाठी हा आकडा गाठणं अवघड आहे, आणि खोऱ्यागणिक वाटणी केल्यावर तर फारच. म्हणून काम सोडायचं का? नाही, पण आपल्या चाळणीची भोकं किती मोठी आहेत हे मोजायचं.

त्यासाठी एक खोटा इतिहास रचा. इ.स.पू. १०००ला लोकसंख्या निम्मी झाली असं ठरवा. त्यातून तुमच्याकडे आहेत तितक्याच तारखा, तुमच्याच त्रुटींसह उचला, आणि वरची चाचणी लावा. हे शंभर वेळा करा. निम्मी घट शंभरातून ऐंशी वेळा पकडली गेली तर तुमचा संच कामाचा. तीस वेळाच पकडली गेली तर खऱ्या आलेखात काही न दिसण्याला काडीचाही अर्थ नाही. काँट्रेरास आणि मेडोज यांनी २०१४ साली अशाच रीतीने, इतिहासातून माहीत असलेल्या लोकसंख्या घेऊन, चौदाव्या शतकातल्या युरोपच्या प्लेगएवढी प्रचंड घटसुद्धा अशा आलेखात सहजी निसटते हे दाखवलं. त्यांचा लेख वाचल्यावर माझ्या ओळखीच्या दोघांनी आपापले आलेख कपाटात ठेवले.

हल्ली टीकाकार याहून मूलभूत आक्षेप घेतात: बेरजेच्या आलेखात लोकसंख्येचा बदल आणि प्रत्येक तारखेची अनिश्चितता यांची अशी मिसळ होते की ती नंतर वेगळी करता येत नाही. आक्षेप खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे बेरीज सोडून वाढीचा दर थेट बेजियन (आधीचा अंदाज आणि पुरावा एकत्र तोलणाऱ्या) प्रारूपातून काढणं, आणि ‘निंबलकार्बन’ हे पॅकेज त्यासाठीच आहे. पण आधी वरच्या पायऱ्या हाताखालून गेल्या पाहिजेत. कच्च्या तक्त्यावर बेजियन गणित केल्याने तक्ता पिकत नाही.

शेजारी काय ठेवायचं

कार्बनच्या तारखांशी संबंध नसलेला पुरावा हवा. वसाहतींची संख्या आणि त्यांचं क्षेत्रफळ हे पहिलं. त्यातही वसाहतीचा काळ मडक्यांवरून ठरलेला असावा, कार्बनवरून नव्हे, नाहीतर एकच साक्षीदार दोनदा उभा राहतो. घरांची मोजणी दुसरी: इनामगावात आधीच्या चौकोनी घरांच्या जागी उत्तर जोर्वेत लहान गोल झोपड्या आल्या. गोल झोपडीत माणसं कमी मावतात हे खरं, पण झोपड्या संख्येने जास्त असतील तर? सांगाड्यांतून कळणारं पोषण आणि बालमृत्यू हे तिसरं.

पावसाचा आलेख मात्र जपून. लोकसंख्येच्या रेघेखाली मान्सूनची रेघ ठेवून दोन्हींचे खळगे बोटाने जुळवणं हा या क्षेत्रातला सगळ्यात लोकप्रिय खेळ आहे. दोन्हींत शंभर-दीडशे वर्षांची अनिश्चितता असताना कुठला तरी खळगा कशाशी तरी जुळतोच.

लिहिताना

‘इ.स.पू. १०००ला लोकसंख्या ४० टक्क्यांनी घटली’ असं वाक्य या पद्धतीतून कधीही निघत नाही. निघू शकतं ते असं: ‘गोदावरी-प्रवरा खोऱ्यातल्या कार्बन-तारखांचे गठ्ठे इ.स.पू. १००० ते ८५० या काळात घातांकी वाढीच्या अपेक्षेपेक्षा कमी आहेत; भीमा खोऱ्यात तशी घट दिसत नाही; इनामगाव वगळल्याने निष्कर्ष बदलत नाही; एवढ्या तारखांत निम्मी घट पकडण्याची शक्यता अमुक इतकी.’ यातले आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. वाक्य लांबतं, पण संपादकाला ते तोडू देऊ नका.

तक्ता सीएसव्ही स्वरूपात, आज्ञांची फाइल आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज (तेच आकडे पुन्हा मिळवून देणारी संख्या) हे तिन्ही ‘झेनोडो’सारख्या खुल्या भांडारात टाका. टाकून दिलेल्या तारखाही त्यात ठेवा, प्रत्येकीपुढे कारणासह, कारण एखादा टीएफ क्रमांक तुम्ही अर्धायुष्य न कळल्यामुळे वगळला असेल आणि त्याचा मूळ कागद उद्या दुसऱ्याच कुणाला सापडेल.